फझी लॉजिकने हीटर कंट्रोल करायचा तर: मॉडेल, रूल टेबल आणि ट्यूनिंग

फझी लॉजिक (नुसतं हो किंवा नाही न धरता "थोडं गार", "बरंच गार" असं प्रमाणात मोजून निर्णय घ्यायची पद्धत) शिकायला बसलं की बहुतेक ठिकाणी आधी सेट थिअरी येते, मग आलेख येतात, आणि कंट्रोलर यायच्या आत माणूस दमतो. इथे उलटं करू. एक खरी सिस्टिम घेऊ, ती आकड्यात मांडू आणि मग तिच्यावर फझी कंट्रोलर बसवू. सिस्टिम अगदी साधी आहे, भांड्यात २ लिटर पाणी, त्यात ५०० वॅटचा हीटर, एक तापमानाचा सेन्सर, आणि पाणी ६० अंशांवर धरून ठेवायचंय.

आधीच सांगून ठेवतो, रूल ("पाणी खूप गार असेल तर पूर्ण पॉवर" असे नियम) लिहिणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. वेळ जातो तो रेंज ठरवण्यात, म्हणजे "जोरात तापतंय" म्हणजे मिनिटाला नेमके किती अंश हे ठरवण्यात, आणि ते सिस्टिमचं फिजिक्स बघितल्याशिवाय ठरत नाही. फझीला मॉडेल लागत नाही असं जे सर्रास म्हणतात ते अर्धंच खरं आहे. कंट्रोलरच्या आत समीकरण नसतं हे बरोबर, पण ट्यूनिंग करणाऱ्याच्या हाताशी ढोबळ तरी मॉडेल पाहिजेच, नाहीतर नुसतं अंदाजाने आकडे हलवत बसावं लागतं.

कल्पना जुनी आहे. लोत्फी झादे यांचा फझी सेट्सवरचा पेपर १९६५ चा. कंट्रोलसाठी ती वापरून दाखवली लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात एब्राहिम ममदानी आणि त्यांचा विद्यार्थी असिलियन यांनी, १९७४-७५ च्या सुमारास, एका लहान वाफेच्या इंजिनावर, ज्यात बॉयलरचं प्रेशर उष्णता कमीजास्त करून आणि इंजिनाचा वेग थ्रॉटलने सांभाळायचा होता. पुढे १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाईच्या मेट्रोत हिताचीने गाड्या चालवायला आणि थांबवायला फझी कंट्रोल लावला आणि मग ते सगळीकडे गाजलं. इतिहास एवढा पुरे.

आधी सिस्टिम मोजा

पाण्यात दोनच गोष्टी चालू असतात, हीटर उष्णता देतो आणि भांडं ती आजूबाजूला घालवतं. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४,१८६ ज्यूल लागतात, म्हणजे २ लिटरचे झाले ८,३७२, आणि भांड्याचा थोडा वाटा धरून आपण सरळ ८,४०० घेऊ. उष्णता जाण्याचा वेग बाहेरच्या हवेशी असलेल्या फरकाच्या प्रमाणात असतो, समजा दर अंशाला ५ वॅट. मग मॉडेल एका ओळीचं होतं:

नवं तापमान = जुनं तापमान + (हीटरचे वॅट − ५ × (तापमान − बाहेरचं तापमान)) × सेकंद ÷ ८,४००

ही ओळ स्प्रेडशीटमध्ये टाकून खाली ओढली की सिम्युलेशन तयार, कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तुमच्या भांड्याचे आकडे वेगळे येतील, ते काढायची पद्धत अशी: थंड पाण्यावर हीटर पूर्ण चालू करा आणि पहिल्या काही मिनिटांत तापमान किती वेगाने चढतं ते लिहून ठेवा, कारण तेव्हा उष्णतेची गळती जवळपास शून्य असते आणि वॅट भागिले वेग (अंश प्रति सेकंद) केलं की उष्णता साठवायची क्षमता हातात येते. मग ६० च्या आसपास नेऊन हीटर बंद करा आणि किती वेगाने उतरतंय ते बघा, त्यावरून गळती निघते. आपल्या उदाहरणात चढण्याचा वेग येईल मिनिटाला साधारण ३.६ अंश, आणि बाहेर २५ असेल तर ६० वरून उतरण्याचा वेग मिनिटाला १.२५ अंश.

हे दोन आकडे नीट बघा, कारण पुढचं सगळं डिझाइन यातूनच निघतं. चढणं आणि उतरणं सारखं नाहीये. हीटर फक्त तापवू शकतो, थंड करणं त्याच्या हातात नाही, त्यामुळे एकदा तापमान ६५ ला गेलं की गप्प बसून वाट बघण्याशिवाय काही करता येत नाही. साध्या पीआयडीला (हव्या आणि आत्ताच्या तापमानातला फरक, त्याची साठत गेलेली बेरीज आणि बदलाचा वेग यावर चालणारा नेहमीचा कंट्रोलर) ही एकतर्फी भानगड स्वतःहून कळत नाही, त्याला वरून लिमिट आणि अँटी-वाइंडअप (ती बेरीज वाजवीपेक्षा फुगू न देणारी सोय) लावावं लागतं. फझीत मात्र रूल टेबलच तिरपं करता येतं, चढताना वेगळं वागायचं आणि उतरताना वेगळं, आणि माझ्या मते फझी वापरायचं खरं कारण असलं तर ते हेच आहे. सिस्टिम बऱ्यापैकी सरळ रेषेत वागत असेल तर पीआयडी लावा आणि मोकळे व्हा, उगाच फॅशन म्हणून फझी नको.

इनपुट कोणते आणि किती

दोन पुरतात. पहिला एरर, म्हणजे ६० वजा आत्ताचं तापमान. दुसरा तापमान बदलण्याचा वेग, अंश प्रति मिनिट. तिसरा इनपुट घालायचा मोह होतो पण जरा गणित करा, प्रत्येक इनपुटला ५ सेट ("गार", "गरम" असे शब्दांचे कप्पे) धरले तर दोन इनपुटचे २५ रूल, तिघांचे १२५, चौघांचे ६२५, आणि ६२५ रूल शहाणपणाने लिहिणारा माणूस अजून जन्मायचाय.

वेग मोजताना एक गोम आहे. डीएस१८बी२० हा लोकप्रिय सेन्सर घेतला तर १२ बिटवर त्याची पायरी (त्याला कळणारा सगळ्यात लहान फरक) ०.०६२५ अंशांची असते. दर ५ सेकंदांनी फरक काढलात तर पूर्ण जोरातसुद्धा तापमान ०.३ अंशच चढलेलं असतं, म्हणजे वेगाला जेमतेम पाच पायऱ्या मिळतात आणि कंट्रोलर उड्या मारायला लागतो. फरक ३० सेकंदांवर काढा, मग तोच बदल १.८ अंशांचा होतो आणि पायऱ्या तिशीच्या जवळ जातात. त्याने वेग थोडा उशिरा कळतो हे खरं, पण ज्या सिस्टिमचा टाइम कॉन्स्टंट (बदलाचा साधारण ६३ टक्के पल्ला गाठायला लागणारा वेळ) २८ मिनिटांचा आहे (८,४०० भागिले ५ म्हणजे १,६८० सेकंद) तिथे एवढा उशीर चालून जातो.

आता सेट. प्रत्येक सेट म्हणजे एक त्रिकोण, माथ्यावर तो शब्द पूर्ण लागू (१) आणि दूर जाल तसा कमी कमी (० पर्यंत), या ० ते १ च्या आकड्याला मेंबरशिप म्हणतात. एररचे चार घेऊ: "जास्त गरम" ज्याचा माथा −२ वर, "जमलं" ० वर, "जरा गार" ४ वर आणि "खूप गार" १० वर. प्रत्येक त्रिकोण शेजारच्याच्या माथ्यावर जाऊन शून्य होतो, त्यामुळे कुठल्याही क्षणी जास्तीत जास्त दोनच सेट लागू असतात आणि त्यांच्या मेंबरशिपची बेरीज नेहमी १ येते. टोकाच्या दोघांना खांदा द्या, म्हणजे १० च्या पुढे कितीही गार असलं तरी "खूप गार" ची मेंबरशिप १ च राहील. हा खांदा विसरला की रेंजच्या बाहेर एकही रूल लागत नाही आणि शेवटी शून्याने भागाकार होतो, आणि तेही नेमकं सुरुवातीला, पाणी एकदम गार असताना.

वेगाचेही चारच: "उतरतंय" −१ वर, "थांबलंय" ० वर, "हळू चढतंय" १.५ वर, "जोरात चढतंय" ३ वर. हे आकडे हवेतून काढलेले नाहीत, वर मोजलेल्या ३.६ आणि १.२५ शी जुळवून ठेवलेत. वेगाची रेंज −१० ते +१० अशी छान गोल ठेवली असती तर खरी सिस्टिम कायम मधल्याच सेटमध्ये पडून राहिली असती आणि बाकीचे रूल नुसते शोभेला. नेटवर फिरणाऱ्या सात बाय सातच्या टेबलांचं नेमकं हेच होतं, ४९ रूल असतात आणि त्यातले पाच-सहाच कधीतरी लागतात.

रूल टेबल

आउटपुट म्हणजे हीटरची पॉवर, टक्क्यांत. आउटपुटलाही त्रिकोण काढून त्यांच्या क्षेत्रफळाचा मध्य शोधायचा ही ममदानीची पद्धत, आणि प्रत्येक रूलला सरळ एक आकडा देऊन वजनी सरासरी काढायची ही सुगेनोची सोपी पद्धत (ताकागी आणि सुगेनो यांचा पेपर १९८५ चा). कंट्रोलर मायक्रोकंट्रोलरवर टाकायचा असेल तर डोळे झाकून दुसरी घ्या, हिशोब अगदी हलका पडतो आणि कंट्रोलच्या दर्जात फरक जाणवत नाही.

वेगाचा क्रम उतरतंय, थांबलंय, हळू चढतंय, जोरात चढतंय असा धरून पॉवर:

खूप गार: १००, १००, १००, १००
जरा गार: ९५, ७०, ४५, १०
जमलं: ६०, ३५, १०, ०
जास्त गरम: २०, ०, ०, ०

मधला ३५ कुठून आला? ६० वर धरायला गळतीएवढीच पॉवर लागते, ३५ अंशांचा फरक गुणिले ५ म्हणजे १७५ वॅट, ५०० च्या ३५ टक्के. हा आकडा आधी लिहायचा आणि बाकीचं टेबल त्याच्याभोवती बांधायचं. "जास्त गरम" ची ओळ बघा, जवळपास सगळी शून्य, फक्त तापमान आपणहून पटपट उतरत असेल तर २० टक्के आधार दिलाय म्हणजे ते ६० च्या खाली धाडकन जाणार नाही. टेबल लिहून झालं की एकदा तपासा, एकाच वेगाला पाणी जितकं गार तितका आकडा वाढला पाहिजे आणि एकाच ओळीत वेग वाढेल तसा तो कमी झाला पाहिजे, किंवा निदान तेवढाच राहिला पाहिजे, कुठे उलटं झालं असेल तर तिथे हमखास लटपट होणार.

आता एकदा हाताने चालवून बघू. तापमान ५७, वेग मिनिटाला ०.९. एरर ३ म्हणजे "जरा गार" ०.७५ आणि "जमलं" ०.२५. वेग ०.९ म्हणजे "हळू चढतंय" ०.६ आणि "थांबलंय" ०.४. चार रूल लागतात, त्यांची वजनं गुणाकाराने काढू: जरा गार-थांबलंय ०.३०, जरा गार-हळू ०.४५, जमलं-थांबलंय ०.१०, जमलं-हळू ०.१५. बेरीज १. मग ०.३० × ७० + ०.४५ × ४५ + ०.१० × ३५ + ०.१५ × १० = ४६.२५ टक्के, म्हणजे सुमारे २३१ वॅट. ५७ अंशांना गळती १६० वॅटची, उरले ७१, म्हणजे वेग आता मिनिटाला अर्ध्या अंशाकडे उतरेल, आणि आपल्याला नेमकं तेच हवं होतं, जवळ आलं की सावकाश.

गुणाकाराऐवजी दोघांतलं लहान वजन घेतलं असतं तर उत्तर ४४.२ आलं असतं. यावर लोक तावातावाने भांडतात पण हीटरला त्या दोन टक्क्यांचं काही वाटत नाही. मी गुणाकार घेतो कारण वजनांची बेरीज १ च राहते आणि आउटपुटचा पृष्ठभाग (दोन इनपुटवर पॉवर कशी बदलते त्याचा आलेख) गुळगुळीत येतो.

ट्यूनिंग

पहिली तक्रार येते ती अशी की तापमान ६० वर न थांबता जरा खालीच बसतं. समजा बाहेरचं तापमान २५ ऐवजी १५ झालं. आता ६० वर धरायला ४५ टक्के लागतात पण टेबल मध्यावर ३५ च देतंय, मग पाणी तिथपर्यंत उतरतं जिथे एररमुळे जादा पॉवर मिळून दोन्ही बाजू बरोबर होतात, गणित केलं तर ते येतं जवळजवळ १ अंश खाली. रूल बदलून हे जाणार नाही, कारण टेबलला मागचं काही आठवत नाही. उपाय दोन आहेत. एक, आउटपुटला पॉवर न धरता पॉवरमधला बदल धरायचा, म्हणजे दर वेळी थोडं वाढव किंवा कमी कर. याने ऑफसेट (हा कायम राहणारा फरक) जातो पण प्रतिसाद लोळायला लागतो आणि ० ते १०० ची मर्यादा नीट लावावी लागते. दुसरा, आणि मला जास्त आवडणारा, टेबल आहे तसंच ठेवायचं आणि शेजारी एक हळू चालणारा इंटिग्रेटर (एरर साठवत जाणारा हिशोब) लावायचा, एरर २ अंशांच्या आत असेल तरच दर ३० सेकंदांनी एररच्या ०.३ पट टक्के जमा करायचे, आणि पाणी पहिल्यांदा तापत असताना तो बंद. अशाने मोठ्या हालचाली फझी सांभाळतं आणि शेवटचा एक अंश इंटिग्रेटर.

दुसरी तक्रार, हीटर सारखा वरखाली होतोय. इथे बहुतेक वेळा वेगाचा परिणाम जास्त दिलेला असतो. याची एक सोपी तपासणी आहे: १ टक्का पॉवर म्हणजे ५ वॅट, आणि ५ वॅटने वेग मिनिटाला ०.०३६ अंशाने बदलतो. आता टेबलमध्ये "जमलं" च्या ओळीत वेग ० वरून −१ ला गेला की पॉवर ३५ वरून ६० होते, म्हणजे २५ टक्के, त्याने वेग सुधारतो ०.९ अंशाने. मूळ घसरण १ ची, दुरुस्ती ०.९ ची, ठीक आहे. हीच दुरुस्ती १.५ ची झाली असती तर वेग मोजायला लागणाऱ्या उशिरामुळे प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त सुधारणा झाली असती आणि झोका सुरूच राहिला असता. टेबलमधल्या प्रत्येक शेजारच्या जोडीला हा हिशोब लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

ओव्हरशूट होत असेल (तापमान ६० च्या पुढे निघून जात असेल) तर आधी "जरा गार" चा माथा ४ वरून ५-६ वर सरकवा, म्हणजे ब्रेक लवकर लागेल. रूलचे आकडे सगळ्यात शेवटी बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी पाळत नाही.

मॉडेलच फझी करायचं असेल तर

वरचं मॉडेल एका ओळीत बसलं म्हणून बरं, सगळ्या सिस्टिम अशा नसतात. टाकीच्या तळाला भोक असेल तर बाहेर जाणारा प्रवाह पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. अशा वाकड्या गोष्टी तुकड्यातुकड्याने पकडायला ताकागी-सुगेनो पद्धत छान आहे: पातळी कमी असेल तर हे सरळ रेषेचं समीकरण, मधली असेल तर ते, आणि मधल्या जागी मेंबरशिपने दोघांचं मिश्रण.

गंमत म्हणजे पातळी १, ४, ९ असे तीन माथे घेऊन रूलला नुसते १, २, ३ हे आकडे दिले तर २.५ पातळीला उत्तर येतं १.५, खरं वर्गमूळ १.५८. तेच प्रत्येक माथ्यावर स्पर्शरेषा काढून त्यांचं मिश्रण केलं तर येतं १.६९, म्हणजे जास्त मेहनत करून जास्त चूक. कारण स्पर्शरेषा या वळणाच्या कायम वरून जाते. म्हणून स्थानिक समीकरणं स्पर्शरेषेने काढू नका, मोजलेल्या डेटावर लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) एकत्र बसवा. आणि हेही लक्षात घ्या की एक इनपुट, त्रिकोणी सेट आणि आकडेच आउटपुट असेल तर फझी सिस्टिम म्हणजे सरळसरळ टेबलमधलं इंटरपोलेशन (दोन आकड्यांच्या मधला आकडा काढणं) असतं, त्यापेक्षा वेगळी जादू त्यात काही नाही.

डेटा भरपूर असेल तर रूल आपोआप काढायच्या पद्धती आहेत, वांग आणि मेंडेल यांची १९९२ ची पद्धत प्रत्येक नोंदीपासून एक रूल बनवते आणि भांडणारे रूल आले तर जास्त वजनाचा ठेवते, आणि जांग यांची १९९३ ची अ‍ॅनफिस पद्धत न्यूरल नेटवर्कसारखं शिकून सेट सरकवते. दोन्ही चालतात, पण डेटा जिथे नाही तिथे मॉडेल काहीही बोलतं, आणि कंट्रोलर नेमका तिथेच पोचतो. शिवाय अ‍ॅनफिसने शिकल्यावर सेट एकमेकांत इतके घुसलेले असतात की रूल वाचून काही अर्थ लागेल ही आशा सोडावी लागते.

प्रत्यक्ष बसवताना

सोळा आकड्यांचं टेबल, दोन इनपुटचे माथे, थोडेसे गुणाकार, एवढंच काम असल्यामुळे सगळ्यात स्वस्त मायक्रोकंट्रोलरही हे आरामात करतो, लायब्ररीची गरज नाही. पायथनमध्ये सायकिट-फझी आणि मॅटलॅबमध्ये फझी लॉजिक टूलबॉक्स आहे, आउटपुटचा पृष्ठभाग डोळ्यांनी बघायला ते जरूर वापरा. हीटरला पॉवर देताना सॉलिड स्टेट रिले (हलणारा भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या आणि १० सेकंदांची खिडकी ठेवा, ४६ टक्के म्हणजे ४.६ सेकंद चालू आणि बाकी बंद. साधा रिले असल्या चालू-बंदने लवकर झिजतो.

सेन्सरची वायर सुटली तर काय होईल हे कागदावर चालवून बघा. डीएस१८बी२० वापरायच्या नेहमीच्या लायब्रऱ्या सेन्सर सापडला नाही की −१२७ देतात, आपल्या कंट्रोलरला ते म्हणजे १८७ अंशांचा एरर, "खूप गार" पूर्ण १, आणि तो इमानदारीत हीटर १०० टक्के चालू करतो. हाच सेन्सर पॉवर आल्या आल्या मोजणी व्हायच्या आधी वाचला तर ८५ देतो, त्याने हीटर बंद होतो, म्हणजे निदान धोका नाही, पण वेगाच्या हिशोबात पुढची ३० सेकंद गोंधळ घालतो. त्यामुळे फझीकडे आकडा जायच्या आधीच चाळणी लावा: ० ते १०० च्या बाहेरचं वाचन फेका, एका सेकंदात २ अंशांहून मोठी उडी आली तर तेही फेका, आणि सलग तीन वाचनं फेकली गेली की पॉवर शून्य. हे सगळं सॉफ्टवेअर झालं, त्याच्या जोडीला हीटरच्या वायरमध्ये स्वतंत्र थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) हवाच, कारण सॉलिड स्टेट रिले बिघडला की बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो आणि तेव्हा टेबलात काय लिहिलंय याला काही अर्थ उरत नाही.